आठवीनंतर घरूनच ऑनलाइन शिकायचं तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहता, मुलगी यंदा सीबीएसईच्या इंग्रजी शाळेतून आठवी झाली, टेबल टेनिस खेळते. सकाळ-संध्याकाळ सराव, वर्षातून चार-पाच वेळा बाहेरगावी स्पर्धा, त्यामुळे शाळेत हजेरी भरत नाही. विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा या विषयांचे ऑनलाइन कोर्स घेऊन तिने घरूनच दहावी करावी का, त्या दहावीला किंमत असेल का, प्रयोगांचं काय होईल, घरची मराठी विषय म्हणून घेता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. आणि अगदी शेवटी एका ओळीत: तिला एकटं वाटेल का?

मी एकवीस वर्षं इथेच विज्ञान शिकवते आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं जवळजवळ सगळी ओपन स्कूलच्या, म्हणजे रोज शाळेत न जाता बोर्डाची परीक्षा देणाऱ्या मुलांबरोबर गेली. त्यात खेळाडू होते, आजारी मुलं होती, बदलीच्या नोकरीवाल्यांची मुलं होती, शाळेला कंटाळलेलीही होती. म्हणून जरा लांबण लावते, राग मानू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. कोर्स वेगळा आणि बोर्ड वेगळं. ऑनलाइन कोर्स शिकवतो. दहावीचा दाखला बोर्ड देतं. आईवडील या दोन्ही गोष्टी एकच धरतात आणि तिथेच फसतात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिच्या घरच्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका ऑनलाइन ‘शाळेत’ वर्षभराची फी भरली होती. शिकवणी वाईट नव्हती. पण वर्षअखेर जो कागद हातात आला, त्यावरच्या बोर्डाचं नाव अकरावीच्या प्रवेशाला कोणीच मानेना. मुलीचं वर्ष गेलं. म्हणून कुठल्याही कोर्सवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: परीक्षा कोण घेणार आणि गुणपत्रिकेवर कोणाची सही असणार? मग ते बोर्ड ‘कोब्से’च्या, म्हणजे देशभरातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

सीबीएसईत राहून हे जमेल का? तिथे ७५ टक्के हजेरीची अट आहे. राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलांना हजेरीत सूट मागता येते, म्हणून शाळेशी एकदा लेखी बोलून घ्या. तोंडी ‘नाही’वर थांबू नका. मात्र नुसतं नाव लावून ठेवणाऱ्या, मूल वर्गात आलंच नाही तरी चालतं म्हणणाऱ्या ‘डमी’ शाळांकडे अजिबात वळू नका. कोचिंगच्या नादात आपल्याकडे हा प्रकार फार बोकाळला आहे. खोट्या हजेरीवर मुलीची दहावी उभी करायची नाही, एवढं तरी आपण पालक म्हणून ठरवू शकतो. शिवाय बोर्ड आता अचानक तपासण्या करतं आणि अशा शाळांची मान्यताही काढतं. मग मूल मधल्यामध्ये लटकतं.

तुमच्या मुलीच्या परिस्थितीत मला सरळ वाट दिसते ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून ही संस्था स्थापन झाली. केंद्र सरकारची आहे आणि तिची दहावी सीबीएसईच्या बरोबरीची धरली जाते. मध्य प्रदेशचं क्षेत्रीय केंद्र भोपाळला आहे, पण त्यासाठी भोपाळच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. प्रवेश ऑनलाइन होतो आणि अभ्यासकेंद्रं इंदुरातही आहेत. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. इथे नववी नावाचा वेगळा टप्पाच नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. आठवीनंतर थेट ‘सेकंडरी’, म्हणजे दहावीच्या पातळीचा अभ्यासक्रम. म्हणजे वर्षभर करून पाहू आणि नाही जमलं तर सीबीएसईच्या दहावीत परत जाऊ, असा बेत असेल तर तो सोडून द्या. परतीचा रस्ता अकरावीला आहे.

खेळाडूसाठी यातली सगळ्यात मोठी सोय परीक्षेची. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, अशी वर्षातून दोनदा परीक्षा होते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. माझ्याकडच्या एका जलतरणपटू मुलाने एप्रिलमध्ये दोन विषय दिले, मधे राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आला आणि उरलेले तीन ऑक्टोबरमध्ये उरकले. पास व्हायला ३३ टक्के लागतात. तेवढ्यावर समाधान मानू नये हे वेगळं सांगायला नको.

आणि पुढचं दार बंद होत नाही. ‘ओपनवाल्यांना डॉक्टर होता येत नाही’ असं तुम्हाला दहा जण सांगतील. ते जुनं झालं. मान्यताप्राप्त ओपन स्कूलमधून बारावी झालेल्यांना ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देता येते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा मुद्दा निकाली निघाला.

आता शिकायचं कशावर? इथे पैसे ओतायची घाई करू नका. एनआयओएसची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ९ जुलै २०१७ ला सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर त्यांचेच सेकंडरीचे कोर्स चालतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची परीक्षा घ्यायचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा. ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावर एनसीईआरटीची सामग्री आहे. नेट बंद पडलं तर पीएम ई-विद्येच्या टीव्ही वाहिन्या आहेत, एका इयत्तेला एक. ऑगस्ट २०२१ मध्ये एनआयओएसने स्वतःचं व्हर्च्युअल स्कूलही सुरू केलं. खासगी कोर्स घ्यायचाच असेल तर फक्त त्या विषयाचा घ्या जिथे ती अडते, आणि तोही तिचे लिहिलेले कागद कोणीतरी माणूस तपासून परत देत असेल तरच. नुसत्या व्हिडिओंचे पैसे देऊ नका, तसले व्हिडिओ फुकट ढिगाने मिळतात.

विज्ञानाचं सांगते, कारण माझा जीव त्यात आहे आणि ऑनलाइनमध्ये सगळ्यात जास्त मुलं तिथेच गंडतात. पडद्यावर भिंगातून जाणारा किरण सुरेख वाकतो, मूल मान डोलावतं, ‘समजलं’ म्हणतं. फोन बंद करून कोऱ्या कागदावर तीच आकृती काढायला सांगितली की बाणाची दिशा चुकते, प्रतिमा भलत्या बाजूला जाते. पाहिलेलं आणि हाताने केलेलं यातलं अंतर विज्ञानात फार मोठं असतं, आणि ते कुठलाही कोर्स आपोआप भरून काढत नाही. ते घरी भरावं लागतं.

घरात आजोबा आहेत म्हणालात. त्यांचा वाचायचा चष्मा घ्या. दोन नंबरचा साधा चष्मा हवा, लांबचं-जवळचं एकत्र असलेला नको. खोली अंधारी करा, एकच खिडकी उघडी ठेवा, समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि चष्म्याची एक काच कागदासमोर धरून पुढे-मागे करा. एका जागी कागदावर खिडकी उलटी उमटते, गजांसकट. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने हे केलं आणि पट्टीने मोजलं तर ५७ सेंटिमीटर आले. पुस्तकाप्रमाणे दोन नंबरच्या भिंगाचं नाभीय अंतर अर्धा मीटर, म्हणजे ५० यायला हवं होतं. ती रडवेली झाली, प्रयोग चुकला म्हणाली. मी विचारलं, खिडकी किती लांब होती? चार मीटर. मग सूत्रात घाल म्हटलं. वस्तू चार मीटरवर आणि नाभीय अंतर अर्धा मीटर असेल तर प्रतिमा ५७ सेंटिमीटरवरच यायला हवी! प्रयोग चुकला नव्हता, खिडकीच जवळ होती. मग तिने दूरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला आणि पन्नासाच्या आसपास उत्तर आलं. भिंगाचं सूत्र ती मुलगी आता जन्मात विसरणार नाही. हे तिला कुठल्याही व्हिडिओने दिलं नसतं, कारण व्हिडिओत उत्तर नेहमी बरोबरच येतं.

आम्ल-आम्लारीसाठी स्वयंपाकघर पुरतं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळी काढून घ्या आणि स्ट्रॉने त्यात फुंकायला सांगा, पांढुरकी होते. फुंकायचंच, ओढायचं नाही, आणि हे मोठ्या माणसासमोर करायचं. बाथरूम धुण्याच्या ॲसिडला मात्र घरी हात लावू देऊ नका, कितीही व्हिडिओ दाखवोत. जे घरी करता येत नाही त्याच्यासाठी ‘ओलॅब्स’ आहे, अमृता विश्वविद्यापीठ आणि सीडॅक मुंबई यांनी केलेली आभासी प्रयोगशाळा. कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशनंही आहेत, त्यातली बरीच मराठीत झाली आहेत. विजेच्या जोडण्या शिकायला मी तीच वापरते: घरात काही जळत नाही आणि मूल हव्या तितक्या चुका करू शकतं.

पण हे सगळं सराव म्हणून. एनआयओएसच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाला, कोड २१२, प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि त्यात वेगळं पास व्हावं लागतं. म्हणून अभ्यासकेंद्र निवडताना आधी त्यांची प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून या. कपाटाला कुलूप आणि कुलपावर धूळ असेल तर दुसरं केंद्र बघा.

जमलं तर तिला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात घेऊन जा, विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांना आत येऊ देतात तेव्हा. इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रचंड वेगाने फिरवलेल्या इलेक्ट्रॉनांतून प्रखर किरण मिळवणारं यंत्र, आपल्या इंदुरात आहे आणि आपली मुलं पुण्या-मुंबईची विज्ञान प्रदर्शनं शोधत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

सामाजिक शास्त्राची अडचण निराळी. इथे व्हिडिओ गोष्टीसारखे असतात, मूल आनंदाने तासभर पाहतं. आणि पेपरात चार ओळी लिहिता येत नाहीत. माझा नियम असा: वीस मिनिटं पाहिलं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि दहा मिनिटं लिहायचं. बघून नाही, आठवून. पहिले दोन महिने ते लिखाण वाचवत नाही, तरी लिहायचंच.

दुसरं म्हणजे पुस्तकातला धडा आपल्या गावात आणून ठेवायचा. गेल्या वर्षी एका मुलाने ‘औद्योगिकीकरणाचा कामगारांवर परिणाम’ या प्रश्नाला लिहिलं होतं, ‘कामगारांचे जीवन खूप कठीण झाले.’ पुढे काहीच नाही. त्याला म्हटलं, शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारून ये. ते इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये कामाला होते. मुलगा दोन तासांनी परत आला तो पाळी, भोंगा, खातं, बोनस असले शब्द घेऊन. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं! त्याचं पुढचं उत्तर दीड पानाचं होतं, आणि त्यात इंग्लंडमधला कामगारही जिवंत झाला होता. नळाला येणारं पाणी नर्मदेवरच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वर चढवून आणतात, हे कळलं की जलसंपत्तीचा धडा वेगळाच वाचला जातो.

भूगोलाला एक खास इंदुरी प्रयोग सांगते. आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहोत, अक्षांश २२.७. म्हणून वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो: ७ जूनच्या आसपास आणि पुन्हा ५ जुलैच्या आसपास. जुलैत ढग असतात, म्हणून जूनची वेळ धरा. गच्चीवर ओळंबा लावून सरळ उभी काठी ठेवा. साधारण बारा पंचविसाला तिची सावली नाहीशी होते. मुलीला हे विचारा: बाराला का नाही? मग ८२.५ रेखांश, भारताची प्रमाणवेळ, आपण त्या रेखांशाच्या पश्चिमेला किती, एका अंशाला चार मिनिटं, हे सगळं तीच मांडत जाईल. नकाशात भरायचं कर्कवृत्त एरवी नुसती तुटक रेघ असते. उज्जैनच्या पुढे, महिदपूर तालुक्यात, डोंगला गावाजवळून ते जातं, तिथे वेधशाळाही आहे. आणि तिकडे गेलातच तर महिदपूर बघून या. २१ डिसेंबर १८१७ ला तिथेच होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला, जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि मग होळकरांची राजधानी इंदूरला आली. आपण सगळी मराठी मंडळी या गावात का आहोत, त्याचं अर्धं उत्तर त्या रस्त्यावर आहे. एक दिवस, एक गाडी, दोन धडे.

आता भाषा. एनआयओएसमध्ये पाच विषय लागतात, त्यात भाषा कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दोन. इंग्रजी, कोड २०२, ठेवाच. पुढे सगळीकडे लागते. राहिली एक जागा: हिंदी, कोड २०१, की मराठी, कोड २०४? हिंदी तिला येतेच, गुण सहज मिळतील, असं सगळे सांगतील. माझं मत मराठीकडे झुकतं, आणि ते मी मोकळेपणाने सांगते. हिंदी तिला या गावात जन्मभर मिळणार आहे. मराठी वाचता-लिहिता येण्याची ही कदाचित शेवटची संधी आहे. आपल्या किती घरांत आजी मराठीत बोलते आणि नात हिंदीत उत्तर देते, ते तुम्हीही पाहता. पण निर्णय मुलीचा. लादलेली भाषा टिकत नाही. आणि मराठी घ्यायची तर पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी, शेवटच्या तीन महिन्यांत ती होत नाही.

कारण आपल्या मुलांना मराठी येते असं आपल्याला वाटतं, ती बोलण्यापुरती येते. लिपी एकच असल्यामुळे वाचायला दोन आठवडे पुरतात. खरी गडबड ओळखीच्या शब्दांत होते. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘माझ्या आजीने मला चांगली शिक्षा दिली.’ तिला म्हणायचं होतं, छान शिकवलं. मराठीत वाचलं तर आजीने बदडून काढलं असा अर्थ होतो! ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘संसार’ तिकडे जग, आपल्याकडे घरसंसार. ‘राजीनामा’ हिंदीत समेटाचा कागद, मराठीत नोकरी सोडण्याचा. अशा शब्दांची एक वहीच करा, मी प्रत्येक मुलाला करायला लावते. लिंगाचंही तेच: हिंदीत किताब दी, म्हणून मुलं ‘पुस्तक दिली’ लिहितात, मराठीत पुस्तक दिलं. आवाज हिंदीत ‘आती है’, मराठीत तो येतो. ऱ्हस्व-दीर्घात ‘कवि’ शाळेच्या हिंदीत बरोबर, मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ, ‘कवी’. आणि ‘जाऊन राहिलोय’, ‘करून राहिलोय’ हे आपलं इंदुरी बोलणं मला फार गोड वाटतं, घरात ते राहू द्यावं, पण उत्तरपत्रिकेत नको.

उच्चारासाठी ऑनलाइन कोर्स कमी पडतो, कारण तो ऐकवतो पण ऐकून घेत नाही. पाण्याचा जग आणि सारं जग, दोन्ही ‘ज’ वेगळे. चार आणि चाक यातला ‘च’ वेगळा. ‘ळ’चा ‘ल’ होऊ द्यायचा नाही. यावर घरातली आजी हेच औषध. रोज दहा मिनिटं तिने आजीला मोठ्याने वाचून दाखवायचं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. थेट दहावीची ‘कुमारभारती’ जड वाटेल, सहावी-सातवीपासून वर चढत या. ती स्पर्धेला बाहेरगावी असली तर आवाज रेकॉर्ड करून पाठवू दे, आजी उत्तरात चूक सांगतील. आणि महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना मधूनमधून घेऊन जा. मराठी फक्त घरातल्या चार माणसांची नाही, हे तिला दिसायला हवं. इंग्रजीसाठी वेगळं काही सांगत नाही, शाळेतून तिला बऱ्यापैकी येत असेल. फक्त पत्र आणि उतारा हाताने लिहायचा सराव ठेवा.

दिवस कसा आखायचा? सरावाच्या वेळा आधी मांडा, अभ्यास त्यात बसवा. पडद्यासमोर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, तेही सलग नाही. तेवढाच वेळ वही-पेनचा. शिक्षकांनी तपासायची गृहकार्यं, ज्यांना सगळे टीएमए म्हणतात, त्यांचं वजन २० टक्के असतं. ती अभ्यासकेंद्राबाहेरच्या दुकानात लिहून मिळतात, हेही तुमच्या कानावर येईल. तसं केलंत तर वीस टक्के मिळतील, पण पेपरात ऐंशी टक्क्यांसाठी लागणारा हात तयार होणार नाही. मी ती मुलांकडून दोनदा लिहून घेते: एकदा पुस्तक बघून, आठवड्याने न बघता. आणि घरातलं एक मोठं माणूस, कोणीही एक, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं वही उघडून बघणारं हवं. त्याला विषय यायची गरज नाही. आज काय लिहिलंस, एवढं विचारलं तरी पुरतं. ज्या घरात हे माणूस नव्हतं तिथली हुशार मुलंही ऑक्टोबर, मग एप्रिल, मग पुढचा ऑक्टोबर असं ढकलत गेलेली मी पाहिली आहेत. नऊ संधी असतात याचा हा तोटा. तारीख पहिल्या महिन्यातच ठरवा आणि भिंतीवर लावा.

शेवटची तुमची ओळ. एकटं वाटेल का? वाटेल, ताई. पहिले दोन-तीन महिने फार वाटेल. मधल्या सुट्टीतला डबा, मैत्रिणींची भांडणं, गॅदरिंग, यातलं काही ऑनलाइन मिळत नाही. तुमची मुलगी सरावाला रोज मुलांत असते, ही जमेची बाजू. जी मुलं आजारपणामुळे घरी होती त्यांचं कठीण गेलं. एका मुलाला आम्ही वर्षाच्या मध्यात परत शाळेत घातलं, आणि ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. तुम्हीही दिवाळीपर्यंत बघा. ती गप्प गप्प राहायला लागली, मैत्रिणींचे फोन टाळायला लागली, तर अभ्यास कितीही चांगला चालला असला तरी बेताचा पुन्हा विचार करा. आणि ठरवण्याआधी तिला एकदा तुमच्याशिवाय, कोणाशी तरी मोकळं बोलू द्या. तिला खरंच हे हवं आहे की तुमच्या आणि कोचच्या बोलण्यात ती नुसती मान हलवते आहे, ते तेव्हाच कळेल.

माझ्याकडे सुदामा नगरला दर रविवारी सकाळी दहाला ओपनची पाच-सहा मुलं जमतात. फी वगैरे काही नाही, एकमेकांच्या वह्या तपासतात, नकाशे भरतात, मग पोहे होतात. येत्या रविवारी तिला घेऊन या. वही, पेन्सिल, पट्टी आणि आजोबांचा चष्मा आणायला सांगा; आजोबाही आले तर चष्मा परत मागायची घाई होणार नाही.